सिस्टेमिक स्क्लेरोसिसमधील रक्तवाहिन्यांचे बिघाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिस्टेमिक स्क्लेरोसिस हा त्वचेचा आजार आहे, मग त्यात रक्तवाहिन्यांचा एवढा विचार कशासाठी?

स्क्लेरोडर्मा या नावाने अधिक परिचित असलेला हा आजार त्वचा घट्ट होण्यावरून ओळखला जातो, पण त्याची सुरुवात बहुतेक रुग्णांमध्ये त्वचेपासून होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींविरुद्ध वळणे, लहान रक्तवाहिन्यांना इजा होणे आणि त्वचेत व आतल्या अवयवांत तंतुमय ऊतक साचत जाणे या तीन प्रक्रिया या आजारात एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांपैकी रक्तवाहिन्यांची इजा सर्वांत आधी दिसू लागते. थंडीत बोटे पांढरी पडण्याचा त्रास ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांना होतो आणि त्वचा कडक होण्याच्या कित्येक महिने, तर काहींमध्ये कित्येक वर्षे आधी तो सुरू झालेला असतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बोटांच्या टोकांवरील व्रण, फुफ्फुसांतील धमन्यांचा उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे अचानक निकामी होणे आणि जठरातून होणारा संथ रक्तस्राव या वरवर वेगवेगळ्या वाटणाऱ्या गुंतागुंतींचे मूळ रक्तवाहिन्यांच्या बिघाडातच आहे. त्वचेतला बदल आरशात दिसतो, त्यामुळे रुग्णाचे आणि अनेकदा डॉक्टरांचेही लक्ष तिकडेच राहते. रक्तवाहिन्यांमधला बदल मात्र मुद्दाम शोधावा लागतो, आणि वेळेवर शोधला तर त्यावर आज बरेच काही करता येते. म्हणूनच ही माहिती इतक्या विस्ताराने दिली आहे.

रक्तवाहिन्यांमध्ये नेमके काय बिघडते?

प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा अतिशय पातळ अंतःस्तर असतो. वाहिनीने कधी आकुंचन पावावे, कधी सैल व्हावे, रक्त कोठे गोठावे आणि कोठे गोठू नये, हे बऱ्याच अंशी हा स्तर ठरवतो. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये याच पेशींना इजा होते. पहिली ठिणगी कशामुळे पडते याचे एकच उत्तर नाही. अंतःस्तरावर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी, रक्तप्रवाह वारंवार खंडित होऊन पुन्हा सुरू होताना तयार होणारे घातक ऑक्सिजन रेणू आणि काही विषाणूंचा संसर्ग अशा अनेक घटकांकडे संशयाने पाहिले जाते. सिलिकाची धूळ आणि काही सेंद्रिय द्रावके यांच्या दीर्घ संपर्काशी असलेला संबंधही सर्वज्ञात आहे.

इजा झालेल्या अंतःस्तराचा तोल बिघडतो. वाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन कमी पडतात, तर तिला जोरदार आकुंचन पावायला लावणारे एंडोथेलिन-१ वाढते. एंडोथेलिनचा शोध १९८८ मध्ये लागला, आणि आज वापरात असलेली औषधांची एक संपूर्ण शाखा त्या शोधातून उभी राहिली. प्लेटलेट सक्रिय होऊन भिंतीला चिकटतात, आतल्या थरातील पेशींची संख्या वाढते, भिंत जाड होते आणि पोकळी अरुंद होत जाते. सुरुवातीला हे अरुंद होणे तात्पुरते, आकुंचनापुरते असते, पण पुढे भिंतीची रचनाच बदलते आणि तेव्हा वाहिनी सैल करणाऱ्या औषधांना मिळणारा प्रतिसादही कमी होतो. उपचार लवकर सुरू करण्याचा आग्रह धरला जातो तो यासाठी.

याशिवाय, एरवी ऊतकांना ऑक्सिजन कमी पडला की शरीर नव्या केशवाहिन्या तयार करते, पण या आजारात तसा संदेश देणारी प्रथिने रक्तात वाढलेली असूनही नव्या वाहिन्या नीट तयार होत नाहीत. ज्या होतात त्या वेड्यावाकड्या आणि निरुपयोगी असतात, आणि जुन्या केशवाहिन्या एकेक करून नाहीशा होत जातात. ऑक्सिजनच्या या कमतरतेमुळे तंतुमय ऊतक तयार करणाऱ्या पेशींना आणखी चालना मिळते. अंतःस्तरातील काही पेशी स्वतःचे मूळ रूप सोडून अशाच तंतू निर्माण करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात, असेही संशोधनातून दिसून आले आहे. त्वचा कडक होणे आणि रक्तवाहिन्या बंद होणे ही दोन वेगळी दुखणी नाहीत, असे म्हणण्याला हा आधार आहे.

मला थंडीत बोटे पांढरी पडण्याचा त्रास आहे. म्हणजे मला हा आजार आहे का?

बहुधा नाही. थंडीने किंवा मानसिक ताणाने बोटे आधी पांढरी, मग निळी आणि शेवटी लाल होणे याला रेनॉडचा विकार म्हणतात. मोरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले. हा त्रास असलेल्या लोकांपैकी बहुतेकांना दुसरा कोणताही आजार नसतो. तो किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो, दोन्ही हातांना सारखाच होतो, बोटांना जखमा होत नाहीत आणि रक्ताच्या तपासण्या सामान्य येतात. याला प्राथमिक प्रकार म्हणतात आणि तो त्रासदायक असला तरी धोकादायक नाही.

मात्र हा त्रास तिशी-चाळिशीनंतर प्रथमच सुरू झाला, झटके फार वेदनादायक असले, बोटे सुजू लागली, टोकांवर खड्डे किंवा जखमा दिसू लागल्या, किंवा त्याबरोबर गिळताना अन्न अडकणे, छातीत जळजळ आणि दम लागणे सुरू झाले, तर संधिवाततज्ज्ञांकडे जाण्यात दिरंगाई करू नये. अशा वेळी रक्तातील अँटिन्यूक्लिअर अँटीबॉडी आणि नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या या दोन तपासण्या सर्वांत जास्त उपयोगी ठरतात. दोन्ही सामान्य असतील तर पुढे सिस्टेमिक स्क्लेरोसिस होण्याची शक्यता फारच कमी असते. दोन्हींत दोष आढळला, तर आज त्वचा मऊ असली तरी नियमित पाठपुरावा आवश्यक आहे.

नखांच्या मुळाशी केली जाणारी ही तपासणी काय दाखवते?

नखाच्या मुळाशी केशवाहिन्यांची वळणे त्वचेच्या पृष्ठभागाला समांतर असतात, त्यामुळे तेथे तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास त्या थेट दिसतात. या तपासणीला कॅपिलरोस्कोपी म्हणतात. तिच्यात सुई टोचत नाहीत, किरणोत्सर्ग नसतो, वेदना नसते, आणि आतल्या रक्तवाहिन्यांची अवस्था प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची अशी संधी वैद्यकात क्वचितच मिळते. निरोगी व्यक्तीत या वाहिन्या केसपिनांसारख्या एका ओळीत, दर मिलिमीटरला साधारण सात किंवा त्याहून अधिक अशा दिसतात.

सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये हे चित्र टप्प्याटप्प्याने बदलते. आरंभीच्या अवस्थेत काही वाहिन्या ५० मायक्रोमीटरहून जाड, म्हणजे महाकाय झालेल्या दिसतात आणि रक्तस्रावाचे बारीक ठिपके आढळतात, पण एकूण संख्या फारशी घटलेली नसते. सक्रिय अवस्थेत महाकाय वाहिन्या आणि रक्तस्राव वाढतात, तर संख्या कमी होऊ लागते. शेवटच्या अवस्थेत महाकाय वाहिन्या जवळपास दिसेनाशा होतात, मोठे भाग ओसाड पडतात आणि उरलेल्या वाहिन्यांना झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटतात. वाहिन्यांची संख्या जितकी घटलेली, तितका बोटांवर व्रण होण्याचा धोका अधिक, असे सर्वसाधारणपणे दिसते.

२०१३ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय संधिवात संघटनांनी मिळून केलेल्या वर्गीकरणाच्या निकषांत या तपासणीतील दोषाला २ गुण दिलेले आहेत. रेनॉडच्या विकाराला ३, बोटांच्या टोकांवर जखम भरून राहिलेल्या खड्ड्यांसारख्या डागांना ३ आणि विशिष्ट अँटीबॉडींना ३ गुण आहेत, आणि एकूण ९ गुण झाले की रुग्ण या आजाराच्या वर्गात धरला जातो. याचा अर्थ असा की त्वचेचे घट्ट होणे तळहातापर्यंत पोहोचलेले नसतानाही, केवळ रक्तवाहिन्यांच्या लक्षणांच्या आणि अँटीबॉडींच्या आधारावर निदान शक्य आहे.

बोटांच्या टोकांना जखमा का होतात आणि त्या इतक्या उशिरा का भरतात?

सुमारे निम्म्या रुग्णांना आजाराच्या काळात कधी ना कधी असे व्रण होतात. टोकावरील व्रण मुख्यतः रक्तपुरवठा तुटल्यामुळे होतात. बोटांच्या सांध्यांच्या पाठीवर होणाऱ्या व्रणांमागे घट्ट ताणलेली त्वचा आणि सततचा आघात यांचाही वाटा असतो, तर काही वेळा त्वचेखाली साचलेले कॅल्शियम बाहेर येताना जखम होते. जखम भरण्यासाठी रक्त लागते, आणि येथे नेमके तेच कमी असते. त्यामुळे साध्या ओरखड्यालाही बरे होण्यास आठवडे, कधी महिने लागतात. या व्रणांच्या वेदना किती तीव्र असतात याची कल्पना ज्यांनी त्या सोसलेल्या नाहीत त्यांना सहसा येत नाही. शर्टाचे बटण लावणे, चावी फिरवणे, फोनवर लिहिणे अशी कामे अशक्य होतात. म्हणून वेदनाशमनाला उपचाराचा दुय्यम भाग समजू नये.

व्रण स्वच्छ, किंचित ओलसर आणि झाकलेला ठेवावा. कोरडी, काळी खपली ओढून काढू नये. कापणे किंवा खरवडणे हे अनुभवी हातांनीच करावे, कारण रक्तपुरवठा नसलेल्या ठिकाणी नवी जखम करणे धोक्याचे असते. सभोवती लाली, पू, ताप किंवा वाढती सूज दिसल्यास संसर्ग गृहीत धरून लवकर प्रतिजैविके द्यावी लागतात. दुर्लक्षित संसर्ग हाडापर्यंत जातो आणि मग बोटाचा भाग गमावण्याची वेळ येऊ शकते.

औषधांपैकी शिरेतून दिले जाणारे इलोप्रोस्ट हे तीव्र व्रणांसाठी आणि तोंडी औषधांना न जुमानणाऱ्या रेनॉडसाठी वापरले जाते. साधारणपणे रोज सहा तास याप्रमाणे तीन ते पाच दिवस ते संथपणे दिले जाते आणि डोकेदुखी, चेहरा लाल होणे किंवा रक्तदाब घटणे यावर लक्ष ठेवून वेग ठरवला जातो. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही औषधे नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम टिकवून धरतात. बोसेंटान हे एंडोथेलिनला रोखणारे औषध नवे व्रण होण्याचे प्रमाण कमी करते, हे दोन मोठ्या चाचण्यांत दिसले. मात्र आधीच झालेले व्रण त्याने लवकर भरले नाहीत. त्याच गटातील मॅसिटेंटान या औषधाची बोटांच्या व्रणांसाठी झालेली चाचणी यशस्वी झाली नाही. गट एक असला तरी प्रत्येक औषधाची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. एकाने काम केले म्हणून दुसऱ्याची हमी देता येत नाही.

या सर्वांनी भागले नाही, तर बोटांच्या धमन्यांभोवतीच्या, त्यांना आकुंचन पावायला लावणाऱ्या मज्जातंतूंची शस्त्रक्रिया किंवा हातात बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने हे पर्याय निवडक रुग्णांमध्ये वापरले जातात. कोपरापासून हातात उतरणारी अल्नर धमनी काही रुग्णांमध्ये मनगटाशी अरुंद किंवा बंद झालेली आढळते. त्यामुळे वारंवार व्रण होत असतील तर मोठ्या धमन्यांचीही डॉपलर तपासणी करून घेणे योग्य ठरते.

रेनॉडच्या विकारासाठी पहिले औषध कोणते?

बहुतेक ठिकाणी निफेडिपिनसारख्या, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या कॅल्शियम चॅनेल ब्लॉकरने सुरुवात होते. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी निवडली जाते आणि मात्रा हळूहळू वाढवली जाते. झटक्यांची संख्या व तीव्रता यामुळे कमी होते, पण ते पूर्ण थांबतील अशी अपेक्षा ठेवू नये. पायांवर सूज, डोकेदुखी आणि चक्कर हे दुष्परिणाम होतात. या औषधांनी अन्ननलिकेचे खालचे तोंडही सैल पडते, त्यामुळे या आजारात आधीच असलेली जळजळ वाढू शकते, आणि हे डॉक्टरांना सांगितले तर पर्याय शोधता येतो. पुरेसा आराम न पडल्यास सिल्डेनाफिलच्या गटातील औषध जोडले जाते. रक्तदाब मुळातच कमी असलेल्यांना फ्लुओक्सेटिनचा उपयोग काही वेळा होतो.

रोजच्या जगण्यात कोणती काळजी घ्यावी?

हातमोजे तर घालावेतच, पण केवळ हात झाकून भागत नाही. छाती, पाठ आणि डोके गार पडले की शरीर उष्णता वाचवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा आपोआप कमी करते. म्हणून अंगभर उबदार कपड्यांचे थर आणि टोपी यांचे महत्त्व हातमोज्यांइतकेच आहे. मोजे बोटे गार पडण्याआधी चढवावेत. फ्रिजमधील वस्तू काढताना, गार पाण्यात काम करताना आणि वातानुकूलित खोलीत शिरताना तापमानात होणारा अचानक बदल हा स्थिर थंडीइतकाच त्रासदायक असतो. झटका आल्यास हात कोमट पाण्यात धरावेत किंवा काखेत ठेवावेत. कढत पाणी किंवा हीटर यांनी भाजण्याची भीती असते, कारण बधिर बोटांना उष्णतेचा अंदाज येत नाही.

तंबाखू कोणत्याही रूपात पूर्ण बंद करावी. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि हा आजार असूनही धूम्रपान करणाऱ्यांमध्ये बोटांची हानी अधिक गंभीर असते. औषधे महाग, तपासण्या किचकट, पण ही एक गोष्ट रुग्णाच्या स्वतःच्या हातात असते आणि तिचा परिणाम कोणत्याही गोळीपेक्षा कमी नाही, असे माझे ठाम मत आहे. कंप पावणारी यंत्रे हाताळण्याचे काम असेल तर तेही शक्य तितके टाळावे.

कोणती औषधे घेताना सावध राहावे?

सर्दीवरील गोळ्यांमधील स्यूडोएफेड्रिन, अर्धशिशीसाठीचे एर्गोटामिन आणि ट्रिप्टान गटातील औषधे, तसेच एकाग्रतेच्या विकारासाठी दिली जाणारी उत्तेजक औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करतात. प्रोप्रानोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने रेनॉडचा त्रास वाढतो. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल चालू असताना छातीत दुखण्यासाठी दिले जाणारे नायट्रेट घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो, आणि फुफ्फुसीय रक्तदाबावरील रिओसिग्वाटसोबतही ही औषधे चालत नाहीत. बोसेंटानसोबत मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड देत नाहीत. बोसेंटान चालू असताना यकृताची तपासणी दरमहा करावी लागते.

स्टिरॉइडचा विषय स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण सांधेदुखीसाठी ती सहज दिली जातात. प्रेडनिसोलोनची रोजची मात्रा १५ मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडाच्या संकटाचा धोका वाढतो. ज्यांची त्वचा वेगाने कडक होत आहे त्यांच्यात हा धोका अधिक असतो. नवीन डॉक्टरांकडे जाताना आपल्याला सिस्टेमिक स्क्लेरोसिस आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

मूत्रपिंडाचे संकट म्हणजे काय?

मूत्रपिंडातील लहान धमन्या वेगाने अरुंद झाल्याने रक्तदाब अचानक भडकणे आणि मूत्रपिंडाचे काम दिवसांत, आठवड्यांत कोसळणे याला स्क्लेरोडर्मा रीनल क्रायसिस म्हणतात. सर्व रुग्णांचा विचार केला तर तो साधारण वीसांपैकी एकाला होतो. त्वचा शरीरावर मोठ्या भागात कडक होते अशा डिफ्यूज प्रकारात, आजाराच्या पहिल्या चार-पाच वर्षांत आणि आरएनए पॉलिमरेज-३ विरोधी अँटीबॉडी असलेल्यांत तो अधिक प्रमाणात दिसतो. तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, दम लागणे आणि आकडी (फिट) येणे ही लक्षणे असू शकतात, पण अनेकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून धोक्याच्या गटातील रुग्णांनी घरी रक्तदाब मोजून त्याची नोंद ठेवावी. नेहमीच्या आकड्यापेक्षा वरचा दाब ३० ने किंवा खालचा २० ने वाढला आणि पुन्हा मोजल्यावरही तसाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. येथे फरकाला महत्त्व आहे : ज्यांचा दाब एरवी १००/६० असतो त्यांना १३५/८५ हा आकडा वरवर साधा वाटला तरी तो साधा नाही. साधारण दहा टक्के रुग्णांत रक्तदाब न वाढताही हे संकट येते.

रक्तदाब कमी करणाऱ्या एसीई इन्हिबिटर गटातील औषधांनी या संकटाचे स्वरूप पालटले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही औषधे मिळालेल्या रुग्णांपैकी ७६ टक्के एका वर्षानंतर जिवंत होते, तर ती न मिळालेल्यांपैकी केवळ १५ टक्के. औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम घटले की रक्तात वाढणारा घटक) काही काळ वाढले तरी ते बंद करू नये, असे तज्ज्ञ आवर्जून सांगतात. डायलिसिसची गरज पडलेल्या काही रुग्णांचे मूत्रपिंड दीड-दोन वर्षांनीही इतपत सावरते की डायलिसिस थांबवता येते, आणि त्यामुळे प्रत्यारोपणाचा निर्णय घाईने घेतला जात नाही. हीच औषधे संकट येण्याआधी प्रतिबंध म्हणून घेतल्यास फायदा होत नाही, उलट अशा रुग्णांमध्ये परिणाम वाईट आढळले आहेत.

फुफ्फुसीय धमनी उच्च रक्तदाबाची तपासणी दरवर्षी का करायची? मला तर काहीच त्रास नाही.

त्रास नसतानाच ती करायची असते. सुमारे ८ ते १२ टक्के रुग्णांमध्ये फुफ्फुसांतील लहान धमन्या बोटांतील धमन्यांप्रमाणेच जाड व अरुंद होतात. त्यांतून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण पडतो, आणि तो थकेपर्यंत रुग्णाला फारसे काही जाणवत नाही. जाणवते तेव्हा जिना चढताना लागणारा दम वयामुळे, वजनामुळे किंवा रक्त कमी असल्यामुळे आहे असे समजून दुर्लक्ष होते. हातावरच्या दंडाच्या पट्ट्याने मोजला जाणारा रक्तदाब आणि हा रक्तदाब यांचा संबंध नाही, त्यामुळे दंडाचा दाब उत्तम असूनही फुफ्फुसातला दाब वाढलेला असू शकतो.

वार्षिक तपासणीत सहसा हृदयाचा इकोकार्डिओग्राम, फुफ्फुसाची वायू शोषण्याची क्षमता मोजणारी डीएलसीओ चाचणी आणि हृदयावर ताण पडला की रक्तात वाढणारे एनटी-प्रोबीएनपी यांचा समावेश असतो. फुफ्फुसाचे आकारमान चांगले असूनही डीएलसीओ घसरत चाललेली असेल, तर फुफ्फुसाच्या ऊतकापेक्षा त्यातील रक्तवाहिन्यांवर संशय घ्यावा. आजाराला तीन वर्षांहून अधिक काळ झालेला आणि डीएलसीओ ६० टक्क्यांच्या खाली आलेली अशा रुग्णांसाठी डिटेक्ट नावाची गुणपद्धती वापरली जाते, आणि तिच्यात चेहऱ्यावरील लाल ठिपके, सेंट्रोमिअर अँटीबॉडी व ईसीजी यांचाही विचार होतो.

पक्के निदान मात्र उजव्या हृदयाच्या कॅथेटर तपासणीनेच होते. सरासरी दाब २० मिलिमीटरच्या वर असल्यास तो वाढलेला मानतात. पूर्वी ही मर्यादा २५ होती. या तपासणीची भीती वाटणे साहजिक आहे, पण ती टाळू नये, कारण दाब वाढण्याचे कारण फुफ्फुसातील धमन्यांत आहे, हृदयाच्या डाव्या बाजूत आहे, की फुफ्फुसाच्या तंतुमयतेत आहे हे तिच्याशिवाय नक्की कळत नाही, आणि तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. धमन्यांचा आजार ठरल्यास आज बहुधा सुरुवातीपासूनच दोन औषधे एकत्र दिली जातात, उदाहरणार्थ अँब्रिसेंटान आणि टाडालाफिल. पुढे सेलेक्सिपॅग, शिरेतून दिले जाणारे प्रोस्टासायक्लिन आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सोटाटरसेप्ट हे पर्याय आहेत.

चेहऱ्यावर आणि हातांवर लाल ठिपके आले आहेत. ते धोकादायक आहेत का?

दाबले की क्षणभर नाहीसे होणारे हे ठिपके म्हणजे रुंदावलेल्या लहान रक्तवाहिन्या असतात. स्वतःहून ते अपाय करत नाहीत आणि नको असल्यास लेझरने फिके करता येतात. असेच बदल जठराच्या आतल्या अस्तरातही होतात, आणि तेथून महिनोन्‌महिने थोडे थोडे रक्त झिरपत राहते. एण्डोस्कोपीत हे लाल पट्टे कलिंगडाच्या सालीवरच्या पट्ट्यांसारखे दिसतात. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन घटत असेल तर ही तपासणी सुचवली जाते, आणि आर्गॉन वायूच्या साहाय्याने त्या वाहिन्या बंद करता येतात.

हृदयावर आणि लैंगिक जीवनावरही परिणाम होतो का?

होतो. हृदयाच्या लहान वाहिन्यांत प्रवाह खंडित होत राहिल्याने स्नायूत ठिकठिकाणी तंतुमय डाग पडतात आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. मुख्य धमन्यांची अँजिओग्राफी स्वच्छ आली म्हणून हृदय निरोगी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. पुरुषांमध्ये लिंगाच्या ताठरतेतील अडचण या आजारात फार सामान्य आहे आणि तिचे मूळही रक्तवाहिन्यांतच असते. संकोचामुळे हा विषय तपासणीच्या खोलीत निघतच नाही, तेव्हा तो डॉक्टरांनी स्वतःहून विचारावा. स्त्रियांमध्ये योनीचा कोरडेपणा आणि वेदना यांवरही उपाय आहेत.

मूल हवे असेल तर?

अनेक स्त्रियांची गर्भधारणा सुखरूप पार पडते, पण ती ठरवून आणि आधी तपासण्या करून व्हावी. फुफ्फुसीय धमनी उच्च रक्तदाब असल्यास गरोदरपण आईच्या जिवावर बेतू शकते, म्हणून ते टाळण्याचा सल्ला दिला जातो. बोसेंटान, अँब्रिसेंटान, मॅसिटेंटान, रिओसिग्वाट आणि प्रतिकारशक्ती दाबणारे मायकोफेनोलेट ही औषधे गर्भाला अपायकारक आहेत आणि ती आधीच बंद करावी लागतात. मूत्रपिंडाचे संकट आल्यास मात्र आईचा जीव वाचवण्यासाठी, गर्भावरील धोका माहीत असूनही, एसीई इन्हिबिटर देण्याचा निर्णय घ्यावा लागू शकतो.

बोटावरचा ऑक्सिमीटर कमी आकडा दाखवतो. घाबरावे का?

बोट गार असेल आणि त्यात रक्तप्रवाहच कमी असेल तर यंत्राला नीट संकेत मिळत नाही आणि आकडा खोटा येतो. हात ऊबदार करून पुन्हा मोजावे, किंवा कानाच्या पाळीवर अथवा कपाळावर लावता येणारा सेन्सर वापरावा. तेथेही आकडा कमी असेल तर तो खरा समजून डॉक्टरांना कळवावे. शस्त्रक्रिया ठरली असल्यास हीच गोष्ट भूलतज्ज्ञांना आधी सांगावी. शिवाय खोली आणि सलाईन ऊबदार ठेवावे, मनगटाच्या धमनीत सुई शक्यतो घालू नये, आणि तोंड कमी उघडते हे लक्षात घेऊन नळी घालण्याची तयारी आधीच करावी, अशी विनंतीही करावी.

कोणत्या लक्षणांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे?

बोट गरम करूनही काही तासांत रंग परत न येणे, ते काळे पडणे किंवा असह्य दुखणे. जखमेभोवती झपाट्याने लाली पसरणे. रक्तदाब वर सांगितल्याप्रमाणे चढणे किंवा त्याबरोबर डोकेदुखी व धूसर दिसणे. नव्याने दम लागणे, चक्कर येऊन बेशुद्ध पडणे किंवा पायांवर अचानक सूज येणे. काळी शौच किंवा रक्ताची उलटी. यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. जाताना चालू औषधांची यादी, अलीकडच्या रक्तदाबाच्या नोंदी आणि शेवटच्या इकोकार्डिओग्रामचा व क्रिएटिनिनचा अहवाल बरोबर ठेवावा. तातडीच्या विभागातील डॉक्टरांनी हा आजार पूर्वी पाहिलेला असेलच असे नाही, आणि ही कागदपत्रे हातात असली की त्यांना योग्य दिशेने विचार करता येतो.